सर म्हणल्याशिवाय चौथा थर नाय

परदेश म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं विमान आलं असंल. गॉगल लावलेली पोरं, मागं बर्फाचा डोंगर, पुढं सेल्फी. ते सगळं आधी पुसून टाका. आमचा परदेश मनमाडला गाडी बदलून लागतो. तिथनं गोरखपूरपर्यंत स्लीपर, पुढं एसटीला लाज वाटंल अशी बस, आन् मग पाठीवर बॅगा टाकून एका कमानीखालनं पायी गेलं की आलं नेपाळ. आता विद्यार्थी शाळा बांधायला गेले म्हणून तुम्ही डोळे पुसायला रुमाल काढला असंल, तर तोबी ठेवा खिशात. मला सांगायचंय ते आमच्या वर्कशॉपच्या सरांबद्दल. आन् माझं ठाम मत आहे की सरांएवढा घाबरट माणूस गोदावरीच्या ह्या काठाला नाय, आन् त्या काठाला तर नायच नाय.

आम्ही संभाजीनगरच्या एका पॉलिटेक्निकात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होतो. नेपाळच्या डोंगरपायथ्याच्या एका गावात शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या आन् एका संस्थेनं आमच्या कॉलेजला बारा पोरं मागितली. पोरं एका तासात तयार. मास्तर कुणी तयार होईना. एकाला बीपी निघालं, एकाच्या मेव्हणीचं लग्न निघालं. प्रिन्सिपलनी शेवटी वर्कशॉपच्या सरांना केबिनमधी बोलावून विचारलं, तवा सर वर बघायले होते. छताला ओल आलती. त्या ओलीकडं बघून सरांनी काळजीनं दोनदा मान हलवली, आन् प्रिन्सिपलनी ती होकार म्हणून लिहून घेतली. सरांचा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास सासुरवाडीचा. सासुरवाडी जालना.

सरांचं घाबरणं तुमच्याआमच्यासारखं नाय. भूत, साप, बायको, ह्यातल्या कशालाच सर भीत नाय. सर भितात भिंतीला. कुठंबी गेले की आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवायची, कान लावायचा, आन् मग बसायचं. टेकायचं तर नावच नाय. मी एकदा विचारलं, "सर, टेका की जरा." तर म्हणले, "आरं, ओळख नाय अजून." पुंडलिकनगरात सर राहतात तिथल्या लोकांनी त्यांना वास्तुशांतीला बोलवायचं बंद केलंय. कारण सर जेवायला बसायच्या आधी सगळ्या घराला एक चक्कर मारतात, टकटक करत, आन् यजमानाला बाजूला घेऊन हळूच म्हणतात, "बेडरूमची पूर्वेकडची भिंत, काय वाईट नाय, पण पलंग तिकडं लावू नका." आता सांगा, त्या माणसाला पुरणपोळी गोड लागंल का. एका लग्नात तर सरांनी नवरानवरीला स्टेज दोन हात पुढं घ्यायला लावलं. फोटोवाला वैतागला, भटजी वैतागले, पण सर हात जोडून उभे, "दोन हातच म्हणतोय, लई नाय."

आन् खिशात ओळंबा. ओळंबा म्हणजे गवंड्याचं ते पितळी वजन, दोऱ्याला बांधून सोडलं की भिंत सरळ हाय का कललीय ते दाखवतं. लोक खिशात किल्ल्या ठेवतात, सर ओळंबा ठेवतात, तोबी जुन्या मोज्यात गुंडाळून. सोनौलीला, म्हणजे सीमेवरच्या नाक्यावर, जवानानं सरांचा खिसा चाचपला आन् थबकला. "ये क्या है?" सर म्हणले, "साहुल है." "निकालो." सरांनी मोजा काढला, मोज्यातनं ओळंबा काढला, आन् जवानाला नीट समजावं म्हणून तिथल्याच एका खांबाला लावून दाखवला. लावला आन् चेहरा पडला. जवान विचारतोय क्या हुआ, सर आपले खांबच वाजवून बघायले. शेवटी हळूच म्हणले, "साहब, आप उधर खड़े रहा करो." आम्ही कमान ओलांडून मागं बघितलं, तर जवान खुर्ची उचलून पलीकडं नेत होता.

गाडीत तर विचारूच नका. निघायच्या दिवशी सरांनी चार तास आधी बोलावलं. आमची गाडी शेजारच्या मुकुंदवाडी स्टेशनाला थांबत नाय हे सरांना पक्कं माहीत, तरी आधी तिथं जाऊन फलाट बघून आले. म्हणले, "एखादं पोरगं चुकून इथं येऊन बसलं तर?" पुढं प्रत्येक स्टेशनाला मोजणी. पण सर डोकी मोजत नव्हते, चपला मोजत होते. बाकड्याखाली वाकून चोवीस चपला. मी म्हणलो, "सर, आम्ही इथं समोर बसलोय की." सर म्हणले, "तुम्ही बाराच्या बारा एकाच आवाजात हजर म्हणता. चप्पल कुणाची हजेरी लावत नाय."

आमच्यात चार पोरी. त्यातली रुबिना हाताला सगळ्यात चांगली, करणीनं, म्हणजे गवंड्याच्या थापीनं, विटेला सिमेंटचा मसाला लावायची तर लोणी लावल्यासारखा. तिचे अब्बा गुलमंडीवर कापडाच्या दुकानात. त्यांनी कॉलेजला येऊन सरांना एवढंच विचारलं होतं, "सर, आप खुद जा रहे ना?" सर "हो" म्हणले, आन् त्या एका "हो"नं सरांचं वजन तीन किलो कमी झालं. मग सरांनी शोध लावला जेवणाच्या फोटोचा. दोन्ही वेळेला बारा जणांनी ताट हातात धरून उभं राहायचं, सर एकेकाचा फोटो काढणार, एकेकाच्या घरी पाठवणार, खाली लिहिणार "जेवला", "जेवली". माझ्या आईनं तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "सरांना म्हणावं बास करा, शेजारच्या बायका म्हणायल्यात लेकरू तिकडं उपाशी होतं का काय." रुबिनाच्या अब्बांनी मात्र प्रत्येक फोटोला उत्तर पाठवलं. एकदा आलं, "डाल पतली दिख रही सर." सर सरळ स्वयंपाकघरात गेले आन् डाळ बघून आले.

आता माझं थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं माझ्यामुळं झालं. मी वैजापूरच्या शाळेतला, नकलेवर वाढलेला. हेडमास्तर, कंडक्टर, लाऊडस्पीकरवर सूचना देणारे, एकजण सोडला नाय. सरांचा आवाज तर मला देवानंच दिल्यासारखा. नाकातनं सुरू होतो, मधी थांबतो, परत येतो. गॅदरिंगला मी सरांची नक्कल केली तवा सर दुसऱ्या रांगेत बसलेले. सगळं कॉलेज लोळून हसलं. दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं, मला वाटलं आता गेलो. सर दार लावून म्हणले, "खरं सांग, मी एवढा थांबत थांबत बोलतो का? मेंदूची नस बिस तर नसंल?" पुढचे तीन दिवस सर दवाखान्यात तपासण्या करत होते. डॉक्टरनी काय नाय म्हणून सांगितलं, तर सरांनी माझ्याकडं येऊन माझेच आभार मानले. आता अशा माणसाची नक्कल करायला मजा तरी काय येणार. पण जीभ ऐकत नाय.

तर ते गाव. खालच्या बाजूला भाताची शेतं, वर साल झाडांचा डोंगर, मधी शाळा. जुन्या दोन खोल्या पाडलेल्या, लेकरं निळ्या ताडपत्रीखाली बसून पाढे म्हणायची. गावचा गवंडी पन्नाशीचा, मिशावाला, त्याला सगळे "दाई" म्हणायचे, म्हणजे तिकडं दादा. सरांच्या काय ते तोंडातनं निघालं नाय, शेवटपर्यंत "अहो मिस्त्री" म्हणत राहिले. पण दोघांचं जमलं मात्र पहिल्याच दिवशी, कारण सरांनी दाईच्या घराची भिंत वाजवून बघितली आन् पाठ लावून टेकून बसले. आम्ही बारा जण बघतच राहिलो. सर म्हणले, "ह्याच्या हातात देव हाय."

सरांचा तिथं एकच नियम. विटांचे तीन थर झाले की थांबायचं. हाक मारायची, "सर, तीन झाले." सर येणार, ओळंबा सोडणार, तो हलायचा थांबंस्तोवर बघणार, आन् मग ते जगप्रसिद्ध वाक्य, "हंऽऽ... घ्या पुढं." सर म्हणल्याशिवाय चौथा थर नाय. पोरं कंटाळायची, दाई हसायचा, पण नियम म्हणजे नियम. कधी कधी "हंऽऽ" येऊन "घ्या पुढं" यायचंच नाय. मग तीनबी थर काढायचे, विटा धुवायच्या, परत लावायच्या.

पाचव्या दिवशी मागची भिंत जोत्यावर घ्यायची होती. मागच्या अंगाला उतार, त्यामुळं तिकडनं जोतं छातीएवढं उंच. रुबिना आन् दोघं वरनं बांधायले होते, सर खाली उताराला उतरून बाहेरच्या अंगानं ओळंबा लावायचे. तोवर वरचे मसाला कालवायला वळलेले, म्हणून त्यांना सर दिसायचे नाय, खालनं नुसता आवाज यायचा. मी उताराला उभा, भिजवलेल्या विटा वर द्यायला. दुपारी दाई घरी जेवायला गेला. सरबी डोंगराकडच्या पिंपळाखाली गेले, कारण गावात रेंज तेवढ्या झाडाखालीच आन् बारा फोटो पाठवायचे होते. रुबिना खाली मान घालून बांधायली होती, तिला आन् त्या दोघांना काय सर गेलेले कळलं नाय.

"सर, तीन झाले," तिनं हाक मारली.

"सर?" परत हाक.

मला तवा एवढंच वाटलं की ही ओळखंल, वरनं माती फेकून मारंल, सगळे हसू. म्हणून नाकातनं सुरू केलं, मधी थांबलो आन् सोडलं, "हंऽऽ... घ्या पुढं."

वरनं फक्त करणीचा आवाज आला. चौथा थर सुरू झालता. मला माझ्या आवाजाचा असा काय अभिमान वाटला म्हणून सांगू. सहा झाले तवा परत म्हणलो. नऊ झाले तवा परत म्हणलो. भिंतीकडं एकदाबी बघितलं नाय. थर सरळ यावा म्हणून बाहेरच्या अंगानं ताणलेली दोरी ढिली पडून पोट काढायली होती आन् रुबिनाची भिंत बिचारी इमानदारीनं दोरीच्या मागं मागं बाहेर यायली होती. ते पोट वरनं दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त मी उभा होतो तिथनं.

सर आले, उताराला उतरले, ओळंबा सोडला. वर दोरा भिंतीला टेकलेला, खाली पितळ भिंतीपासून दोन बोटं लांब. सरांनी काढून परत लावला. परत लावला. मग वर चढून एकदम हळू विचारलं, "रुबिना, बाळा, हे नऊवर कसं गेलं?"

"सर, आप ही बोले ना. घ्या पुढं, म्हणून. तीन दफा बोले."

"मी?"

"हौ सर. खालून."

सर पिंपळाकडं बघायले, मग उताराकडं, मग परत पिंपळाकडं. दिवसातनं पन्नास वेळा वर खाली करणारा माणूस. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, छे, मी तर रेंजला गेलतो. पण सरांनी रुबिनाकडं बघितलं, आन् मला अजून कळत नाय की त्यांना तिच्या शब्दापुढं स्वतःची आठवण एवढी हलकी कशी वाटली. म्हणले, "म्हणलो असंन मग. तू कशाला खोटं बोलशील."

आन् सिमेंटच्या गोणीवर बसले.

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. तेवढ्यात सर स्वतःशीच म्हणले, "न बघता म्हणलो. मग आजवर किती ठिकाणी म्हणलो असंन." हे वाक्य ऐकलं आन् मी उगाच एक भिजलेली वीट उचलून परत खाली ठेवली. सरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. होस्टेलची पाण्याची टाकी. एका वस्तीवरची अंगणवाडी, जिथं सर सल्ल्याला गेलते. शेजाऱ्याची कंपाउंड वॉल. स्वतःच्या गच्चीचा कठडा. उठले, पिंपळाखाली गेले, बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, फोन लावला. मी मागं मागं गेलतो. "गच्चीवर जाऊ नको. नाय, काय झालं नाय. कपडे खालीच वाळव. कठड्याला टेकू नको म्हणतो ना." पलीकडनं काकू काय बोलल्या ते ऐकू आलं नाय, पण सर म्हणले, "सोळा वर्षं उभा हाय हे मलाबी माहीत हाय. पण मी बघितलं होतं का नव्हतं, तेच आठवंना."

खाली येऊन सरांनी मोज्यातनं ओळंबा काढला आन् जेवून आलेल्या दाईच्या हातावर ठेवला. "मिस्त्री, आजसे आप देखो. मेरा भरोसा नहीं." दाईला काय कळंना. त्यानं ओळंबा परत सरांच्या हातावर ठेवला. सरांनी परत त्याच्या. असं तीनदा झालं, आन् एरवी मी त्याची महिनाभर नक्कल केली असती. त्या दिवशी हसायलाबी जमंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं काम ठप्प. पुढच्या खोलीचे तीन थर झालेले, हाक मारली, सर आले, बघितलं, दाईनंबी ओळंबा लावून बरोबर हाय म्हणून बोट वर केलं. सरांच्या तोंडातनं "हंऽऽ" आलं आन् तिथंच थांबलं. घ्या म्हणंनात, काढा म्हणंनात. पोरं हातात करण्या घेऊन बसली. आम्हाला निघायला तीन दिवस राहिलेले. ताडपत्रीखालनं पाढे ऐकू यायले होते. रुबिना माझ्याशेजारी येऊन बसली, म्हणली, "मेरी वजह से हुआ रे. मैंने एक बार नीचे झांक के देखना था." ती डोळे पुसायली होती आन् तिच्या ओढणीला सिमेंट लागलेलं.

मी उठलो. मनात भाषण तयार केलतं, सर माझी चूक झाली, सर मला माफ करा, असलं. सरांच्या मागं जाऊन उभा राहिलो आन् त्यातला एक शब्द निघंना. माझ्याकडं दुसरं काय होतं सांगा. मी नाकातनं सुरू केलं, मधी थांबलो, आन् म्हणलो, "हंऽऽ... घ्या पुढं."

अकरा जणांनी वळून बघितलं. सर सगळ्यात शेवटी वळले.

"तू होता?"

"व्हय सर."

"तिन्ही वेळेस?"

"तिन्ही वेळेस."

"म्हणजे मी नव्हतो म्हणलो."

"नाय सर. तुम्ही रेंजला होता."

"पक्कं?"

"पक्कं सर. आईशप्पथ."

मला वाटलं आता कानाखाली बसंल. तर सरांचे खांदे हळूहळू खाली आले, जसं काय कुणी आतनं दोन पोती उतरवून घेतली. खिशातनं फोन काढून तसेच पिंपळाकडं पळाले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मी तसं पळताना परत कधी बघितलं नाय. तिथनं ओरडलेलं खालपर्यंत ऐकू आलं, "जा, गच्चीवर जा. टेक खुशाल. सगळे कपडे टाक तिथं." परत येऊन पुढच्या खोलीचा ओळंबा परत एकदा लावला, तो थांबंस्तोवर बघितलं आन् म्हणले, "हं, घ्या पुढं." पोरं कामाला लागली. मग माझ्याकडं वळून म्हणले, "मागची भिंत तू काढायची. एकट्यानं." रुबिना मदतीला आली तर तिला हातानं थांबवलं. "नको बाळा. तुझं काय नाय ह्यात."

नऊ थर काढायला मला दुपार झाली. एकेक वीट काढायची, खरवडायची, धुवायची, रचायची.

सर आता रिटायर झालेत. मी साईटवर सुपरवायझर हाय, गवंडी मला "साहेब, घेऊ का पुढं" म्हणून विचारतात. सरांच्या सगळ्या नकला मी आजबी करतो, पुंडलिकनगरात त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर करतो, काकू पदर तोंडाला लावून हसतात, सर मात्र आपलं, "थांब, हे मी कधी म्हणलो," असं करत काळजीत पडतात. आता जरा थकलेत, भिंत वाजवली तर कान दोनदा लावतात. पण त्या दुपारी सर मला जे बोलले त्याची नक्कल मी कुणापुढं केली नाय. शेवटची वीट धुऊन मी हात पुसायलो होतो तवा सर जोत्यावर येऊन बसले, आन् असं बोलले:

"झालं का हसून? नाय, हस की. आवाज चांगला काढतोस, मला स्वतःला फरक कळला नाय. लेका, माझ्यावर हस, माझ्या नाकावर हस, माझ्या मोज्यावर हस, मी काय बोललो का कधी? पण तू भिंतीपुढं उभा होतास. डोळे उघडे होते तुझे. तिथनं दिसत होतं, आन् तू बघितलं नाय. ह्या खोलीत पहिलीचा वर्ग भरणारंय. ती लेकरं बाकावर नाय, खाली सतरंजीवर बसतात, भिंतीला पाठ लावून. काल मी त्यातल्या एका पोरीला इथं बसवून बघितलं. तिचं डोकं सातव्या थराला येतं. आन् तू ती कललेली भिंत नऊवर नेलीस."